साल्व्हियाचा लाल पट्टा

शुभोदय सोसायटीच्या वार्षिक सभेत बळवंतराव मयेकर बोलायला उठले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, कमळने, त्यांच्या शर्टाचं टोक धरून त्यांना खाली ओढलं होतं. त्यांनी ते टोक सोडवून घेतलं. पुढचं सगळं रामायण त्या सोडवलेल्या टोकामुळे घडलं, असं कमळ पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

विषय सायकल स्टँडचा होता. साल सदुसष्ट. बोरिवलीत तेव्हा एवढी मोकळी जागा होती की सायकल कुठेही टेकवली तरी कुणाच्या वाटेत येत नसे. पण सोसायटीचे सेक्रेटरी अंबादास पेंढारकर यांना सायकली ओळीत हव्या होत्या. त्यांना सगळंच ओळीत लागे. वाळत घातलेले कपडेसुद्धा एका उंचीवर असावेत, असं पत्रक त्यांनी एकदा काढलं होतं. तर अशा या पेंढारकरांची नजर मयेकरांच्या तळमजल्यावरच्या खिडकीखाली जी बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद जमीन होती, तिच्यावर पडली. त्या जमिनीत त्या वेळी एक फुटका पाटा, अबोलीची दोन वाळकी खोडं आणि वरच्या मजल्यावरून पडलेला एक कंगवा एवढा ऐवज होता.

"त्या जागेत मी बाग करणार आहे," बळवंतराव म्हणाले.

"गेली चार वर्षं करताय," पेंढारकर म्हणाले.

सभा हसली. बळवंतराव परळच्या एका गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे त्यांना कुणी हसत नसे. निदान त्यांच्या समोर तरी नसे. ते म्हणाले, "येत्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला जमाल, तेव्हा माझ्या खिडकीखाली साल्व्हियाचा लाल पट्टा दिसेल."

सभेत शांतता पसरली, कारण साल्व्हिया म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या मधुकर चेऊलकरने मागून विचारलं, "खातात की लावतात?"

खरं सांगायचं तर बळवंतरावांनाही त्याबद्दल फारसं माहीत नव्हतं. एकदा एका कागदावर सही घ्यायला ते मॅनेजरसाहेबांच्या खारच्या बंगल्यावर गेले होते आणि फाटकाशी चाळीस मिनिटं उभे होते. त्या चाळीस मिनिटांत त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही. पण समोर हिरवळीच्या कडेने कुंकवाची पेटी सांडावी तसा एक लालभडक पट्टा फुलला होता. त्याचं नाव माळ्याने सांगितलं होतं. तेवढं एक नाव घेऊन ते घरी आले, आणि साहेबाने जे आपल्याला दिलं नाही ते आपण आपल्या खिडकीखाली मिळवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पेंढारकर ठराव सांगू लागले: सव्वीस जानेवारी रोजी सदर जागेत बाग आढळल्यास ती जागा श्री. मयेकर यांजकडे कायम राहावी, न आढळल्यास तेथे सायकल स्टँड करावा. एवढ्यावर थांबायला हवं होतं. चार झेंडू लावूनही 'बाग' झाली असती. पण समोर कुणी ढिसाळ मसुदा करतंय आणि आपण गप्प बसलोय, हे हेडक्लार्कच्या हातून होण्यासारखं नव्हतं. बळवंतराव पुन्हा उठले.

"नुसतं 'बाग' मोघम होतं. 'बहरलेली बाग' असं घाला."

"घातलं," पेंढारकर म्हणाले. त्यांचा आवाज फार गोड झाला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, खोदकाम सुरू झालं. वरची वीतभर माती काढल्यावर खाली बिल्डरने पुरलेला संसार निघाला. विटांचे तुकडे, मंगलोरी कौलं, सिमेंटचा गठ्ठा झालेलं पोतं, गवंड्याची थापी. बळवंतराव घामाघूम होऊन एकेक वस्तू बाहेर काढत होते आणि मधुकर वरच्या खिडकीत चहा पीत बघत होता.

"आणखी खाली जा, बळवंतराव," तो म्हणाला. "आर्किटेक्ट सापडेल."

तरीही याच मधुकरचा सल्ला त्यांनी ऐकला. चहाचा चोथा हे फुलझाडांना अमृत आहे, असं मधुकरने छातीठोक सांगितलं, आणि सबंध इमारतीत वापरलेला चहा आठवडाभर मयेकरांकडे गोळा होऊ लागला. साल्व्हियाचं बी पेरलं आणि त्यावर त्या चोथ्याचा थर पसरला. आता, चहा म्हटल्यावर त्यात साखर असते, हे हेडक्लार्कच्या लक्षात आलं नसलं तरी मुंग्यांच्या आलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या साल्व्हियाचं एकेक बी उचलून भिंतीच्या भेगेकडे निघाल्या होत्या. त्यांची ओळ इतकी सरळ होती की पेंढारकरांनी मान डोलावली असती.

दुसऱ्यांदा बी आणलं ते आंब्याच्या रिकाम्या पेटीत, घरात पेरलं. एक्केचाळीस रोपं उगवली. बळवंतरावांनी त्यांना क्रमांक दिले. सकाळी कचेरीला जाण्यापूर्वी ते पेटीपुढे बसून हजेरी घेत, आणि सतरा नंबर जरा मान टाकून आहे, असं काळजीने कमळला सांगत. आपल्याला गेल्या महिन्यात आठ दिवस ताप होता, तेव्हा कुणी एवढी चौकशी केली नव्हती, असं कमळ पोळ्या लाटता लाटता म्हणे.

रोपं चार बोटं वाढली आणि जमिनीत गेली, तेव्हा गोराईची सगुणा मासळी घेऊन दारात आली. तिने टोपली उतरवली, बागेकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"काय हो ही झारां? उपाशी हान. मावऱ्याचा पानी घाला त्यांना. नी बोंबलाची डोकी पुरा बुडाशी. बघा कशी फोफावतान."

पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या काठी नारळी वाढवणाऱ्या बाईचा सल्ला नाकारणं बळवंतरावांना जमलं नाही. त्यांनी मासळी धुतलेलं पाणी घातलं आणि बोंबलाची डोकी पुरली. रोपांना ती मानवली असतीही. पण सोसायटीतल्या पाच मांजरांना ती त्याआधीच मानवली. सकाळी बाग सगळी उकरलेली होती आणि एक्केचाळीसपैकी बारा रोपं, सतरा नंबरासकट, वाटेवर पडली होती.

बळवंतरावांनी तो दिवस न जेवता काढला. संध्याकाळी मधुकर खाली येऊन म्हणाला, "राखण बसवा, बळवंतराव. आत्या आहेत ना तुमच्या रिकाम्या?"

अंजनाआत्या रिकाम्या होत्या हे खरं. मोतीबिंदू काढून घ्यायला त्या मालवणहून आल्या होत्या, पण मोतीबिंदू अजून पिकला नाही, फेब्रुवारीपर्यंत थांबा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर त्यांना माणसं सावलीसारखी आणि सावल्या माणसांसारख्या दिसत. मांजराच्या अंगावर काठी आपटायला मात्र डोळे लागत नाहीत. बागेच्या कडेला त्यांना स्टूल मिळालं, हातात काठी मिळाली आणि दिवसभर काही काम नाही म्हणून कष्टी झालेल्या आत्या एकदम ताज्यातवान्या झाल्या. मांजरं हटली. उरलेली एकोणतीस रोपं जोमाने वर आली.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, नाताळ आला. रोपं गुडघ्याएवढी झाली, दाट झाली, हिरवीगार झाली. फक्त फुलेनात. बी विकणाऱ्याने सांगितलेला दोन महिन्यांचा वायदा कधीच उलटून गेला होता. बळवंतराव रोज सकाळी सहा-चाळीसला घराबाहेर पडत ते संध्याकाळी सातला परतत, तेव्हा बागेशी त्यांची भेट अंधुक उजेडातच होई, आणि रविवारी ते खिडकीतूनच वाकून फूल आलं का ते बघत. वाफ्याच्या कडेच्या विटा मधूनमधून लाल दिसतात, हे त्यांनी पाहिलं होतं. विटेचा रंग ओघळतो, अशी त्यांनी नोंद केली आणि बिल्डरच्या नावाने पुन्हा एकदा बोटं मोडली. माती सदा ओली असते, हेही त्यांना दिसलं होतं. कमळ न सांगता पाणी घालते, या विचाराने त्यांना भरून आलं होतं. कमळने त्या झाडांना आयुष्यात एक तांब्याही घातला नव्हता.

पेंढारकर रोज जातायेता थांबत. "बहर कधी?" एवढंच विचारत.

सात जानेवारीला, रविवारी, आत्यांना जरा कसर होती म्हणून देवपूजा बळवंतरावांनी केली. ते सोवळं नेसून देव्हाऱ्यापुढे बसले, निर्माल्य काढू लागले आणि त्यांचा हात थांबला. बाळकृष्णाच्या डोक्यावर एक इवलासा तुरा होता. हिरवा, बोटाच्या पेराएवढा, आणि टोकाशी किंचित लाल. विठोबाच्या पायाशी आणखी तीन. अन्नपूर्णेच्या पळीत एक. बळवंतरावांनी एक तुरा उचलला. मग सोवळ्यातच उठून आत्यांच्या खाटेपाशी गेले.

"आत्ये, हे काय आहे?"

आत्यांनी चाचपून पाहिलं. "मंजिरी."

"कुणी खुडली?"

"मीया. दरदिवशी खुडतंय. तुळशीक मंजिरी ठेवची नाय. मंजिरी येऊक दिलंस तर तुळस म्हातारी होता. खुडलंस तर आणखी फुटता. तुझ्या आवशीन शिकवूक नाय तुका?"

बळवंतराव कचेरीत आणि सभेत अगदी छापील मराठी बोलत. पण राग आला की त्यांचं मालवण बाहेर पडे. "आत्ये, ती तुळस न्हय. तो साल्व्हिया!"

"साल्व्हिया?" आत्या उठून बसल्या. "तो खंयच्या देवाक चलता?"

बळवंतरावांनी हातातला तुरा नाकाशी नेला. "पण तुला वास नाही का आला?" ते म्हणाले. "तुळशीला वास असतो."

"येऊक नाय खरो. माका वाटला, मुंबैची तुळस. हयच्या दुधाक साय नाय, तर तुळशीक वास खंयसून येतलो?"

चौकोनी दांडा, दातेरी पान, समोरासमोर फुटलेले फाटे, शेंड्याला तुरा. बोटांनी पाहणाऱ्या माणसाला ती तुळसच होती. पाऊण आयुष्य अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्यात गेलेले ते हात, कळी जरा वर आली की आपोआप चालत होते. दोन महिने, रोज सकाळी, स्नान करून.

बळवंतराव त्यानंतर आत्यांशी बोलले नाहीत. आत्यांनी आपलं स्टूल घरात आणून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक बाहेर काढायला सांगितली.

"अहो, काय म्हणायचंय तुम्हाला?" कमळ रात्रीचं पान वाढता वाढता म्हणाली. "त्या डोळ्यांनी ती दोन महिने उन्हात बसली, ती काय स्वतःच्या बागेसाठी? रोपं राहिली ती तिच्या काठीमुळे. तुम्ही राखायला सांगितलंत, ही झाडं कसली आहेत ते सांगितलंत का? सतरा नंबरशी बोलायला वेळ होता तुम्हाला."

बळवंतरावांनी भात चिवडला. ट्रंक परत खाटेखाली गेली, पण स्टूल भिंतीकडेच राहिलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांना पेढे वाटले आणि पेंढारकर हातात मोजपट्टी आणि ठरावांची वही घेऊन मयेकरांच्या खिडकीकडे निघाले. त्यांच्यामागे अख्खी सोसायटी निघाली, कारण सुट्टी होती. बळवंतराव कडक इस्त्रीच्या लेंग्यात वाफ्यापाशी उभे होते. एकोणतीस झुडपं अशी घट्ट दाटली होती की मधून मुंगी जाणार नाही. शेंड्याशेंड्याला मोहरीएवढ्या कळ्या होत्या. फूल एकही नव्हतं.

"वाट लागली," मधुकर हळूच म्हणाला.

पेंढारकरांनी वही उघडली. "'बहरलेली' हा शब्द आपलाच, मयेकर."

"माझाच," बळवंतराव म्हणाले. शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मग गुणाजी, घे कुदळ."

गुणाजी हा सोसायटीचा पहारेकरी. त्याने कुदळ उचलली, वाफ्यापाशी आला, खाली पाहिलं आणि पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. मग कुदळही बाजूला ठेवली.

"साहेब, आपल्याला नाय जमणार. तुळस हाय ती. समोर दिवा हाय."

दिवा होता. विटांवर हळदकुंकू होतं, झुडपांच्या बुडाशी अक्षता होत्या. बळवंतरावांनी विटांचा ओघळलेला रंग आता सूर्यप्रकाशात, नीट पाहिला. आत्या रोज त्या झाडांपुढे हात जोडतात, हे बायकांनी कार्तिकात पाहिलं होतं. सोसायटीच्या आवारात तुळस नव्हतीच. पुरुषमंडळी कामावर गेली की नऊच्या सुमाराला एकेक बाई तांब्या घेऊन येई.

गर्दीतून पेंढारकरांच्या पत्नी नीलावहिनी पुढे आल्या.

"तुम्ही हिच्यावर सायकली लावणार?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, ठराव आहे."

"कार्तिकापासून मी हिला पाणी घालतेय. डिसेंबरात तुमचं प्रमोशन झालं ते काय, तुमच्या ओळीत लावलेल्या फायलींमुळे झालं असं वाटतंय तुम्हाला?"

लोक हसले नाहीत, पण फार प्रयत्नाने हसले नाहीत. पेंढारकरांचा चेहरा उतरला. ते बळवंतरावांकडे वळले. "मयेकर, तुम्ही खोटं बोलणार नाही. ही तुळस आहे की नाही?"

सगळे बळवंतरावांकडे बघू लागले. नाही म्हटलं की जमीन जात होती. तेवढंच असतं तर त्यांनी नाही म्हटलंही असतं. पण खिडकीत अंजनाआत्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. गजाला धरून, मान जरा कलती करून, आवाजांचा अंदाज घेत. इतक्या बायकांना दोन महिने भलत्याच झाडाची पूजा करायला लावणारी आंधळी म्हातारी, असं तिच्या नावावर कायमचं लागणार होतं.

बळवंतरावांनी घसा साफ केला. बियांच्या पाकिटाबरोबर मिळालेली माहितीपत्रिका त्यांनी पाठ केली होती, ती कामी आली.

"शास्त्रीयदृष्ट्या," ते म्हणाले, "दोघींचं कूळ एकच आहे."

"म्हणजे हो की नाही?"

उत्तर खिडकीतून आलं. "कूळ एक मां? मग घरचीच झाली ती."

गुणाजीने कुदळ खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला. पेंढारकरांनी वहीत 'विषय तहकूब' असं लिहिलं आणि मोजपट्टी गुंडाळली. सायकली मागच्या भिंतीशी लागल्या. ओळीत लागल्या. त्या दुपारी स्टूल पुन्हा बागेच्या कडेला आलं. ते कुणी आणून ठेवलं ते बळवंतरावांनी सांगितलं नाही, पण लेंग्याची इस्त्री मोडली होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आत्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर पडलेल्या असताना, साल्व्हिया फुलला. एकेका झुडपावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस तुरे. खिडकीखाली बारा फूट जाळ लागल्यासारखा दिसत होता. स्टेशनकडे जाणारी माणसं वाट वाकडी करून बघायला येऊ लागली. पेंढारकर आले, बघत राहिले आणि घरी जाऊन म्हणाले, "तुळशीला लाल फुलं कशी येतील?"

"येतात," नीलावहिनी म्हणाल्या. "भक्ती लागते."

बळवंतरावांनी खारच्या त्या माळ्याला मुद्दाम रविवारचं बोलावून आणलं आणि या वेळी खुर्ची दिली. माळ्याने चहा घेतला, एक झुडूप उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "शेंडे कुणी खुडले?"

"का?"

"आमच्या बंगल्यावरही एवढा दाट नाही. शेंडा खुडला की एकाचे चार फुटतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इतक्या नेमाने खुडतो कोण? कळी दिसली की माणसाचा हात आखडतो. पक्का माळी असणार."

"घरचंच माणूस आहे," बळवंतराव म्हणाले.

मार्चमध्ये आत्यांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्या सावकाश बागेपाशी आल्या, वाकल्या आणि त्या लाल पट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"बाळू," त्या शेवटी म्हणाल्या, "बरो दिसता रे तुझो तो." मग त्या मालवणला गेल्या.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बळवंतरावांनी पुन्हा बी पेरलं. रोपं मोठी झाली, पहिल्या कळ्या आल्या, आणि खुडण्याची वेळ झाली. ते एका रविवारी सकाळी झाडापुढे बसले. चार वेळा बोटं कळीपर्यंत गेली आणि चारही वेळा परत आली. मग घरात जाऊन त्यांनी मालवणला कार्ड लिहिलं: आपल्या दुसऱ्या डोळ्याचीही मुंबईस तपासणी होणे इष्ट वाटते, तरी त्वरित यावे.

आठ दिवसांनी तिकडच्या मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. दुसरा डोळा उत्तम आहे. खरं कारण लिहावं.

बळवंतरावांनी तीन मसुदे केले आणि फाडले. चौथ्या कार्डावर त्यांनी एवढंच लिहिलं: 'आत्ये, मला कळी खुडवत नाही. तू ये.'

आत्या आल्या त्या हातात एक डबा धरूनच. डब्यात तांबड्या मातीत एक वीतभर रोप होतं. ट्रंक घरात जायच्या आधी त्या वाफ्याशी गेल्या, मधोमध जागा केली आणि ते लावलं. दोन्ही बाजूंना साल्व्हिया, मध्ये ते.

"ह्या वरसा कोणी इचारल्यान तर," हात झटकत त्या म्हणाल्या, "कूळ-बीळ सांगत बसा नको."

बळवंतरावांनी खाली वाकून त्याचं एक पान चुरडलं आणि नाकाशी नेलं. तिला वास होता.